भेगा दिसणे : एक सौम्य दुष्परिणाम

माणसाला डोळे दोन दिलेले आहेत, पण त्यांनी पाहिलंच पाहिजे अशी सक्ती कुठेही केलेली नाही. बहुतेक लोक ही सूट जन्मभर आनंदाने उपभोगतात. काहींना मात्र स्पष्ट दिसावं अशी इच्छा होते. अशांसाठी आमचं नेत्र रुग्णालय आहे. मी तिथला माहिती अधिकारी. रुग्णाच्या हातात जे घडीचं पत्रक दिलं जातं, ते मी लिहितो. (ते वाचतं कोण, हा विषय दुसऱ्या खात्याचा आहे.)

'लेसर शस्त्रक्रिया : रुग्णांनी काय अपेक्षा ठेवावी' या आमच्या पत्रकात नुकताच एक परिच्छेद वाढवला आहे. तो का वाढवला असं काही चौकस मंडळी विचारतात. चौकस मंडळी आमच्याकडे कमी येतात, तरी त्यांचा मान राखून घडलं ते सगळं सांगतो.

रुग्ण इमारत तपासनीस होते. वय चाळिशीच्या अलीकडे. लोकांच्या वापरातल्या इमारती धडधाकट आहेत की नाहीत हे पाहायचं आणि धडधाकट आहेत असा दाखला द्यायचा, हे त्यांचं काम. (धडधाकट नाहीत असा दाखला छापलेलाच नव्हता.) त्यांचा चष्मा इतका जाड होता की कचेरीत सगळे त्यांना 'दुर्बीण' म्हणत. हे नाव त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. उलट कुणी खऱ्या नावाने हाक मारली, तर ते आधी मागे वळून पाहत.

चष्मा लावला की दुर्बीण यांना उत्तम दिसे, हे इथे प्रामाणिकपणे नमूद केलं पाहिजे. अडचण एवढीच होती की छत पाहायला मान वर केली की वरून चुन्याची बारीक भुकटी पडे आणि काचांवर बसे. काचा महागाच्या. म्हणून ते आधी चष्मा काढत, डबीत ठेवत, डबी खिशात ठेवत, आणि मगच वर पाहत. वर त्यांना एक मऊ, पांढरं, शांत असं काहीतरी दिसे. मग ते चष्मा लावून लिहीत : 'छत पाहिले. भेग दिसली नाही.' या दोन वाक्यांत एकही अक्षर खोटं नव्हतं. भुकटी का पडते, हा प्रश्न तपासणीच्या नमुन्यात नव्हता.

अशा रीतीने गावातल्या बहुतेक इमारती त्यांनी धडधाकट ठरवल्या होत्या. त्यांच्या कचेरीची इमारतही.

शस्त्रक्रियेचं कारण घरगुती होतं. एका संध्याकाळी बायकोबरोबर भाजी आणायला गेले असताना गर्दीत धक्का लागून त्यांचा चष्मा पडला. फुटला नाही, पण तुकतुकीत वांग्यांच्या ढिगात शिरला. तो शोधण्याऐवजी त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या निळ्या साडीतल्या बाईंच्या हातातली पिशवी घेतली, "चल, चष्मा उद्या बघू," म्हणाले आणि घराकडे चालू लागले. वाटेत ते आईचं पथ्य, गळका नळ आणि साहेबांचा स्वभाव या विषयांवर मनापासून बोलले. बाई हुंकार देत राहिल्या. घराच्या दाराशी त्यांची बायको चष्मा घेऊन आधीच उभी होती.

"या," बायको म्हणाली. "यांची ओळख करून द्या."

"मी मघाशीच सांगणार होते," त्या दुसऱ्या बाई म्हणाल्या. "पण आमच्या घरी माझ्याशी इतकं कुणी बोलतच नाही. नळाचं पुढं काय झालं ते तेवढं सांगा आणि मी जाते."

त्यांना चहा देऊन पाठवण्यात आलं. दार लागल्यावर बायको एवढंच म्हणाली, "डोळे करून घ्या. ओळखी वाढायच्या आत."

आता शस्त्रक्रियेविषयी थोडं. (हा भाग पत्रकातला आहे, आणि त्याची स्तुती झालेली आहे.) लांबचा नंबर असलेल्या माणसाच्या डोळ्याचा गोळा गरजेपेक्षा लांबट असतो, किंवा बुबुळापुढची पारदर्शक कमान जास्त फुगीर असते. त्यामुळे बाहेरचं चित्र डोळ्यातल्या मागच्या पडद्यापर्यंत पोचण्याआधीच जुळून येतं आणि पडद्यावर पोचेस्तोवर पुसट होतं. आम्ही त्या कमानीवरचा एक पातळ पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उलटतो, खालचा भाग लेसरने मोजून मापून थोडा सपाट करतो आणि पान पुन्हा मिटतो. टाके नाहीत, पट्टी नाही. नंबर स्थिर असावा लागतो, कमान पुरेशी जाड असावी लागते, आणि चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागला तर आमच्या नावाने बोटं मोडायची नसतात. रुग्णाला दिसेल याची आम्ही हमी देतो. जे दिसेल ते त्याला आवडेल याची देत नाही.

दुर्बीण तपासण्यांत उत्तीर्ण झाले. शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्यांनी आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "दुखेल का हो?"

"नाही. थेंब घातलेत, डोळा बधिर झालाय. पापण्या उघड्या ठेवायला चाप लावलाय. मिटावंसं वाटलं तरी मिटता येणार नाही."

"मग मी काय करायचं?"

"समोरच्या दिव्याकडे बघत राहायचं."

"बास?"

"बास. लोकांना तेवढंच अवघड जातं."

मध्ये काही क्षण सगळं अंधुक झालं, टकटक आवाज आला. "काहीतरी जळतंय का?" दुर्बीण घाबरून म्हणाले. "वास तसाच येतो," बाई म्हणाल्या, "जळत काही नाही. हलू नका." आणि दोन्ही डोळे होऊन ते बाहेर आले, तेव्हा त्यांच्या बायकोचा बाहेरच्या बाकावरचा चहा अजून गरम होता. घरी जाऊन काळा चष्मा लावून झोपायचं, डोळे चोळायचे नाहीत, थेंब चुकवायचे नाहीत, अशा सूचना देऊन आम्ही त्यांना सोडलं. चोवीस तासांत त्यांना आमच्या तक्त्यावरची सर्वांत खालची ओळ दिसू लागली. खाली छापखान्याचं नाव आहे, तेही त्यांनी वाचलं.

घरात शिरताच चष्मा डबीत ठेवायची त्यांची जुनी सवय, त्यामुळे आईकडे त्यांनी आज पहिल्यांदा नीट पाहिलं. "आई, तू केवढी थकलीस गं!" ते म्हणाले.

"थकून मला दहा वर्षं झाली," आई म्हणाली. "तुला आज कळतंय."

मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बायको म्हणाली, "काय आहे ते एकदा सांगून टाका." ते म्हणाले, "काही नाही. हसताना तुझा एक गाल आधी हसतो, दुसरा मागून येतो." बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी स्वच्छच होती, हे त्यांना बाहेरून दिसत होतं. इथवर सगळं आमच्या पत्रकाप्रमाणे चाललं होतं.

आठवड्याने ते कामावर रुजू झाले. कचेरीचं मोठं दालन, रांगेने मांडलेली टेबलं, समोर काचेच्या आडोशाआड साहेब. दुर्बीण आपल्या खुर्चीत टेकले, आळस द्यायला मान मागे टाकली, आणि तसेच राहिले. छतात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भेग होती. मधोमध गिलावा निघून आतले गंजलेले गज दिसत होते. भेगेत एका चिमणीने घरटं बांधायला घेतलं होतं. चिमणी काडी घेऊन आत जाई, पाठोपाठ भुकटीची चिमूट खाली पडे, आणि खालचे कारकून सवयीने कागद झटकून पुढे लिहीत.

ते धावत साहेबांकडे गेले.

"साहेब, छताला भेग आहे!"

"कधीपासून?"

"ते कसं सांगू? मला आज दिसली."

साहेब शांत स्वभावाचे होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा दुर्बीण. गेली कित्येक वर्षं दरवर्षी या छताचा दाखला कोण देतं?"

"मी."

"त्यात भेगेचा उल्लेख आहे?"

"नाही."

"म्हणजे शस्त्रक्रियेआधी भेग नव्हती. शस्त्रक्रियेनंतर आहे. मधल्या काळात छताला कुणी हातही लावलेला नाही. हात कशाला लावला? तुमच्या डोळ्याला." साहेबांनी पेन पुन्हा उचललं. "भेग डोळ्यांच्या दवाखान्याने पाडली, हे उघड आहे."

दुसऱ्या दिवशी आम्हाला नोटीस आली. आमच्या हलगर्जीपणामुळे एका शासकीय छताला तडा गेल्याचं तीत म्हटलं होतं, आणि खुलासा मागितला होता.

आमच्याकडे असे प्रसंग गांभीर्याने घेतले जातात. आम्ही दुर्बीण यांना बोलावून डोळे नव्याने तपासले. निकाल निर्दोष होता, आणि इथेच पंचाईत झाली. डोळ्यात दोष निघता तर तो दुरुस्त करता आला असता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, यात खुलासा कसला? भेग आहे म्हणून दिसतेय. जाऊन छत बघा." पण बाई शल्यचिकित्सक आहेत. पत्रव्यवहार त्यांचा विषय नाही. तो माझ्याकडे आला.

मी विचार केला. भेग आहे म्हणावं, तर इमारत खात्याशी वैर. नाही म्हणावं, तर आमची शस्त्रक्रिया फसली असं होतं. शेवटी मी पुढील परिच्छेद लिहिला. तोच आता पत्रकात आहे. नम्रपणे सांगतो, तो मला चांगला साधला आहे :

'शस्त्रक्रियेनंतर डोळे कोरडे पडणे, दिव्यांभोवती वलये दिसणे, डोळ्यांत खुपल्यासारखे वाटणे या तक्रारी काही काळ राहतात. क्वचित रुग्णांना भेगा दिसतात. घाबरून जाऊ नये. मेंदूला हळूहळू सवय होते व भेगा दिसेनाशा होतात. तोवर शक्यतो वर पाहू नये.'

साहेब या परिच्छेदावर बेहद्द खूश झाले. तरी काम चोख असावं म्हणून त्यांनी दालनात फिरती चौकशी लावली. ज्याला भेग दिसते त्याने तसं लेखी द्यावं, आणि आपल्या डोळ्यांची तपासणी रजा टाकून करून घ्यावी. त्या घटकेपासून कुणीही मान वर केली नाही. हातपंख्याने वारा घेणारेसुद्धा टेबलाकडे पाहून घेऊ लागले. शंभर टक्के कर्मचाऱ्यांना भेग दिसत नसल्याचं सिद्ध झालं. (यात दुर्बीण धरलेले नाहीत. त्यांना धरलं की टक्केवारी बिघडते.)

"आणि ती चिमणी?" दुर्बिणींनी विचारलं. "ती कुठे जाते मग काडी घेऊन?"

"चिमणी या कचेरीच्या आस्थापनेवर नाही," साहेब म्हणाले.

याच सुमारास मी समाधान-प्रश्नावली भरून घ्यायला तिथे गेलो होतो. दुर्बीण यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. ते माझ्याशी बोलत होते, पण डोळे वर होते. "काल माझं बोट मावत होतं," ते म्हणाले. "आज मूठ मावेल." मी विचारलं, "रात्री गाडी चालवताना त्रास होतो का?" ते म्हणाले, "माझ्यामागे बसते ना, ती टंकलेखिका, तिला सातवा महिना आहे. तिची खुर्ची बरोब्बर मधोमध येते." या उत्तरासाठी प्रश्नावलीत जागा नव्हती. मी 'त्रास होत नाही' यावर खूण केली. माझ्या बाहीवर काहीतरी पांढरं पडलं, ते झटकलं आणि निघालो.

त्यांनी त्या बाईंना खुर्ची हलवायला सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, "दादा, ही जागा मिळायला मला सहा वर्षं लागली. इथे पंख्याचं वारं येतं." टेबल ओढायला गेले, तर विनापरवाना सामान हलवल्याबद्दल समज मिळाली. त्यांनी वरच्या कचेरीला लिहिलं. वरच्या कचेरीने तो अर्ज शेरा मारून तपासनिसाच्या अभिप्रायासाठी पाठवला. तपासनीस तेच होते. त्यांनी 'छत धोकादायक आहे' असा अभिप्राय दिला. तेव्हा असं कळलं की अर्जदाराला स्वतःच्याच अर्जावर अभिप्राय देता येत नाही.

जेवताना ते घास हातात धरून बसू लागले. बायको म्हणाली, "तुम्हाला दिसतंय ना?"

"दिसतंय."

"त्यांना सांगून ऐकतायत का?"

"नाही."

"मग सांगताय कशाला? लोक छत पडतंय म्हणून उठत नाहीत. दुसऱ्या कशासाठी उठतील ते शोधा."

त्यांनी शोधलं. सकाळी फळ्यावर सूचना लागली : 'उत्कृष्ट कचेरी म्हणून निवड झाल्याप्रीत्यर्थ सर्वांचे सामूहिक छायाचित्र अंगणात घेण्यात येईल. गैरहजर राहणाऱ्याचा चेहरा छायाचित्रात नसेल.' कोणी निवड केली, कधी केली, हे कुणीही विचारलं नाही. इतकी अपेक्षित ती वाटली. एरवी आगीची घंटा वाजली तरी जागचे न हलणारे लोक घंटेशिवाय बाहेर आले. कंगवे फिरले. साहेबांनी कपाटातला कोट घातला. टंकलेखिका पदर सारखा करत सर्वांत शेवटी आल्या, कारण त्यांना उठायला वेळ लागत होता. तेवढा वेळ दुर्बीण दारात उभे राहून एकदा त्यांच्याकडे आणि एकदा छताकडे पाहत होते.

छायाचित्रकार खरा होता. त्याला दुर्बिणींनी स्वतः आणलं होतं. "मागची रांग जरा आत या," तो म्हणाला. "साहेब, हनुवटी किंचित वर. अजून. हां, आता कुणी हलू नका."

आणि छत खाली आलं.

आवाज फार मोठा झाला नाही, असं सगळे म्हणतात. कुणीतरी भलामोठा गठ्ठा टेबलावर टाकावा तसा झाला. मग खिडक्यांतून पांढरा लोट बाहेर पडला. त्या क्षणाचं छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात मागे इमारतीतून धूळ उसळते आहे आणि पुढे सर्वजण हसत आहेत. एकटे दुर्बीण कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत. ते रांगेतला एकेक चेहरा पाहत आहेत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग ते अंगणातच खाली बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. (शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोळ्यांतून पाणी येणं ही सामान्य बाब आहे. दिलेले थेंब घालावेत.) टंकलेखिका त्यांच्याजवळ आल्या. त्यांनी आपल्या रुमालाची घडी उलगडून तो त्यांच्या हातात दिला. चिमणी कुठे गेली, ते कळलं नाही.

रीतसर चौकशी झाली. तिचे निष्कर्ष असे निघाले. छत अस्तित्वात नसल्याने त्यात भेग असल्याची तक्रार निकाली काढण्यात येत आहे. उत्कृष्ट कचेरीची निवड झालेली नसताना छायाचित्र काढल्याबद्दल तपासनीस दोषी आहेत. तसंच छत कोसळणार हे संपूर्ण कचेरीत त्यांना एकट्यालाच आधीपासून माहीत होतं, ही बाब संशयास्पद आहे. (छायाचित्र मात्र साहेबांना आवडलं. मागचा भाग कापून त्याची चौकट करून घेतली.)

खात्याने आम्हाला पुन्हा एक पत्र लिहिलं. खात्याच्या कर्मचाऱ्याची दृष्टी होती तशी करून परत द्यावी, असं त्यात म्हटलं होतं. आम्ही कळवलं की लेसरने काढलेला भाग परत लावता येत नाही. मात्र ग्राहकाला रिकाम्या हाती पाठवणं आमच्या धोरणात बसत नाही. म्हणून चांगल्या नजरेच्या माणसाला पूर्वीइतकंच अंधुक दिसेल असा जाड भिंगांचा चष्मा आम्ही सुचवला. फक्त कामाच्या वेळात वापरण्यासाठी. मी स्वतः तो घेऊन दुर्बीण यांच्या घरी गेलो. त्यांनी तो लावला, बायकोकडे पाहिलं आणि लगेच काढला. "हा नको," म्हणाले.

"मग नोकरीचं काय?"

त्यांच्या बायकोने उत्तर दिलं. "नोकरीवर असताना काही बघत नव्हते. आता बघू."

नवा तपासनीस नेमला गेला. निवडीच्या वेळी त्याच्या चष्म्याचा नंबर पाहिला होता, चांगला मोठा होता. जुने तपासनीस आता गावातून पायी फिरतात. चालता चालता एखाद्या दारासमोर थांबून मान वर करतात, आणि मग दार वाजवून आतल्या माणसांना शांतपणे काहीतरी सांगतात. लोक त्यांना फार भितात. ते दिसले की दुकानदार वरचं काही दिसू नये म्हणून पुढचं कापडी छप्पर खाली सोडतात. एका घरमालकाने तर त्यांच्या डोक्यावर छत्री धरून चालायला माणूस ठेवला आहे. गावाचं म्हणणं आहे की ते येईपर्यंत सगळं ठीक होतं.

दरम्यान त्या परिच्छेदाचा अनुभव फार समाधानकारक आहे. भेगा दिसणाऱ्या शंभरातल्या त्र्याण्णव रुग्णांना त्या दिसणं पहिल्या पंधरवड्यातच थांबतं. उरलेल्या सातांपैकी सहा जण दिसत नाहीत असं सांगायला शिकतात. आम्ही त्यांनाही बरे झालेले धरतो.

आपल्यालाही शस्त्रक्रियेची गरज असेल असं वाटून आपण हे इथवर वाचलं असेल, तर एक दिलासा. माहिती वाचणाऱ्यांची आम्ही लपून पाहणी केली आहे. छत, भिंती, गज आणि चिमणी यांच्याविषयी इतकं सगळं वाचूनही मध्येच मान वर करून आपल्या डोक्यावरचं छत पाहिलं, असा वाचक आम्हाला अद्याप आढळलेला नाही. आपणही पाहिलं नाहीत. आता पाहाल, कारण आता आम्ही सांगितलं. पण त्याला पाहणं म्हणत नाहीत. आपली नजर पूर्ण निरोगी आहे. आमच्याकडे येण्याची तसदी घेऊ नये.